भरती जिथे संपते : राजापूर आणि खाडीच्या माथ्यावरची गावं

आजचा विषय तसा साधा आहे. एका लहानशा खाडीकाठच्या गावात माणसं कशी राहत आली आणि मुळात ते गाव तिथेच का वसलं, एवढंच आपण पाहणार आहोत. गाव म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं राजापूर. आमचा जन्म तिथला. पुढे आयुष्य पुण्यात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे इतिहासकार म्हणून आम्ही आपल्यापुढे उभे नाही. पण ज्या प्रश्नानं लहानपणापासून पिच्छा पुरवला तो प्रश्न इतिहासाशिवाय सुटत नाही, हे उशिरा का होईना लक्षात आलं. तो प्रश्न असा : जे गाव दर पावसाळ्यात बुडतं, ते शहाण्यासुरत्या माणसांनी तिथे वसवलंच कसं?

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. सह्याद्रीतून अर्जुना नदी खाली येते. तिला राजापुरात कोदवली मिळते. तिथून पुढे नदीची खाडी होते आणि ती वळणं घेत घेत जैतापूरजवळ समुद्राला मिळते. जुन्या मोजणीप्रमाणे हे अंतर पंधरा मैल, म्हणजे साधारण चोवीस किलोमीटर. कोकणात नदी कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते हे नकाशावरच्या रेघेनं ठरत नाही, पाण्याच्या चवीवर ठरतं. पावसाळ्यात गोडं पाणी पार खालपर्यंत रेटत जातं. फाल्गुन-चैत्रात खारं पाणी वर सरकतं आणि काठच्या विहिरी मचूळ लागायला लागतात. राजापूर या दोन पाण्यांच्या सीमेवर आहे. भरती समुद्रातून निघते आणि जिथे येऊन थकते, तिथे हे गाव आहे.

आता विचार करा, बंदर करायचं तर माणसं समुद्रकाठी करतील. चोवीस किलोमीटर आत कशाला येतील? याची कारणं अगदी व्यवहारी आहेत.

पहिलं कारण भाड्याचं. डोक्यावरून किंवा बैलाच्या पाठीवरून माल न्यायचा तर खर्च फार, गलबतातून न्यायचा तर थोडा. या भागात किनाऱ्यापासून सह्याद्रीचा माथा सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर. भरती धरून गलबत राजापूरपर्यंत आलं की त्यातली निम्मी नसली तरी बरीच वाट पाण्यानं झाली. राहिलेली वाट बैलांच्या तांड्यांनी अणुस्कुरा घाटानं करायची, की पलीकडे मलकापूर, पन्हाळा, कोल्हापूर. दुसरं कारण वाऱ्याचं. उघड्या किनाऱ्यावर पावसाळ्यात गलबत ठेवता येत नाही, खाडीत आत ते सुखरूप राहतं. तिसरं कारण सुरक्षेचं. समुद्रातून येणाऱ्या चाच्याला एवढी वळणं पार करून आत यायचं म्हणजे परत जाताना ओहोटीच्या तावडीत सापडायचं. आणि चौथं कारण पिण्याच्या पाण्याचं. गलबताला खारं पाणी लागतं, माणसाला गोडं. भरतीच्या माथ्यावर दोन्ही हाताशी असतात.

हे एकट्या राजापूरचं नाही. महाड सावित्रीवर, चिपळूण वाशिष्ठीवर, संगमेश्वर शास्त्री नदीवर, खारेपाटण विजयदुर्गच्या खाडीच्या वरच्या टोकाला. कोकणातल्या जुन्या पेठांची ही रांग पाहिली तर प्रत्येक पेठ भरती संपते तिथे आणि घाटाच्या वाटेच्या तोंडाशी बसलेली दिसते. महाडला वरंध घाट, चिपळूणला कुंभार्ली, राजापूरला अणुस्कुरा. मुंबई मोठी होण्याआधी देशावरचं आणि समुद्राचं नातं या पेठांनी सांभाळलं.

राजापूरचा भरभराटीचा काळ सतराव्या शतकातला. देशावरची मिरी आणि सुती कापड इथून अरबस्तान-इराणकडे जायचं. तेव्हा हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी इथे वखार घातली, पुढे फ्रेंचांनीही घातली. १६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा दिला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन तिथे गेला आणि त्यानं आपलं निशाण लावून गडावर मारा केला. व्यापाऱ्यानं युद्धात पडायचं नसतं. शिवाजी महाराजांनी हे लक्षात ठेवलं. १६६१ च्या मार्चमध्ये मराठी फौज राजापुरावर आली, वखार लुटली गेली, आत खणत्या लागल्या आणि रेव्हिंग्टनसह इंग्रज कैद झाले. कैदेतल्या शेवटच्यांची सुटका व्हायला १६६३ उजाडलं. या नुकसानीची बोलणी पुढे कित्येक वर्षं चालली होती. १६७४ च्या जूनमध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, त्या तहाच्या बोलण्यांत राजापूरच्या भरपाईचे दहा हजार होन हा एक महत्त्वाचा मुद्दा होता.

हा प्रसंग आपण शाळेत शिकतो. आम्हाला त्यात गावाच्या जागेचा स्वभाव दिसतो. जी जागा समुद्राच्या बाजूनं बंद होती ती घाटाच्या बाजूनं उघडी होती, कारण उघडी असण्यातच तिचा धंदा होता. ज्या वाटेनं मिरीचे बैल उतरत, त्याच वाटेनं फौज उतरू शकत होती. जागेचा फायदा आणि जागेचा धोका एकाच वाटेनं येतात. हे आज दोन-तीनदा आपल्यासमोर येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

अठराव्या शतकात राजापूर १७१३ ला आंग्र्यांकडे, १७५६ ला पेशव्यांकडे आणि १८१८ ला इंग्रजांकडे गेलं. राज्यं बदलली तरी भरतीची वेळ बदलली नाही, आणि गाव त्या वेळेवरच चाललं.

त्या वेळेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण खाडीकाठचं जगणं म्हणजे मुख्यतः तीच. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. त्यामुळे खाडीकाठच्या माणसाला घड्याळापेक्षा पंचांग जास्त उपयोगी पडतं. आमच्या वडिलांचं पेठेत किराणा आणि धान्याचं दुकान होतं. त्यांचा हिशेब तोंडपाठ होता : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. ही झाली किनाऱ्यावरची वेळ, वर गावापर्यंत पाणी पोचायला आणखी वेळ धरायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. किनाऱ्यापासून आत राहणाऱ्या, कधी होडी न वल्हवलेल्या वाण्या-ब्राह्मणांच्या घरांतही हे शब्द रोजचे होते.

या वेळेवर सगळं बांधलेलं असे. ओहोटीला खाडीच्या पात्रात बायका मुळे आणि तिसऱ्या काढायला उतरत. भरतीबरोबर मचवे वर येत. खालच्या अंगाला खाजणात बांध घालून भातशेती, आणि त्या बांधाच्या उघडझापीचं गणितही भरतीचंच. वर्षाचं वेळापत्रकही पाण्यानंच आखलेलं. वैशाख सरता सरता आगोटीची धांदल सुरू व्हायची. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने पुरेल असं सगळं भरून ठेवायचं : उकडे तांदूळ, कुळीथ, आमसुलं, मीठ, सुकट, सोडे, सुके बांगडे, लाकूडफाटा. एकदा पाऊस लागला की बंदर बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे जायचं नाव नाही. आगोट ही नुसती साठवण नव्हती. चार महिने पाण्याचा जोर चालणार आणि आपला चालणार नाही, हे मान्य करण्याची ती रीत होती.

पाण्याचा लहरीपणा राजापूरकरांना तसा नवा नाही. जवळच उन्हाळ्याला गरम पाण्याचा झरा आहे, आणि तिथेच वर ती प्रसिद्ध गंगा. चौदा कुंडं. साधारण तीन वर्षांनी एकदा पाणी येतं असं म्हणतात, पण ते पंचांगाला बांधलेलं नाही. आली की आली, गेली की गेली. भाविक तिला गंगा म्हणतात, भूशास्त्राचे अभ्यासक भूगर्भातल्या पोकळ्यांतून ठरावीक पातळी गाठली की वाहणारा झरा अशी तिची उपपत्ती मांडतात. दोघंही तिच्या वेळेची वाट पाहतात, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

आमच्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लायटस यानं सांगितलं की एकाच नदीत माणसाला दोनदा उतरता येत नाही, कारण दुसऱ्या वेळी ते पाणी पुढे गेलेलं असतं. वर्गात हे शिकवताना आम्हाला नेहमी मनात हसू यायचं. आमच्या गावात नदी दिवसातून दोनदा मागे फिरते. गेलेलं पाणी सहा तासांनी दारात परत येतं. खाडीकाठच्या माणसाला बदल हा एका दिशेनं वाहणारा वाटत नाही, येणारा-जाणारा वाटतो. म्हणून तो लवकर घाबरत नाही. आणि म्हणूनच जो बदल परत फिरणार नाही, तो त्याला लवकर ओळखूही येत नाही.

तसा बदल राजापुरात झाला. तो आता पाहू.

१८८० साली रत्नागिरी जिल्ह्याचं गॅझेटियर प्रसिद्ध झालं. त्या काळच्या नोंदीतलं राजापूर मोठं देखणं आहे : चढउताराच्या अरुंद गल्ल्या, फरसबंद आणि छप्पर असलेली पेठ, इंग्रजांच्या जुन्या वखारीची भक्कम दगडी इमारत, जी तेव्हा सरकारी कचेरी झाली होती. अरबी गलबतं थेट येतात असं जिल्ह्यातलं हे बंदर, अशीही नोंद आहे. पण त्याच वाक्याच्या पोटात दुसरी गोष्ट आहे. थोडं मोठं गलबत असेल तर ते जुन्या दगडी धक्क्याच्या अलीकडे तीन मैलांवरच थांबतं. म्हणजे सुमारे पाच किलोमीटर खाडी तेव्हाच गाळानं भरली होती. धक्का जागेवर होता, पाणी मागे सरलं होतं.

गाळ आला कुठून? वरच्या डोंगरांतून. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. उतारावरचं जंगल तुटलं, नाचणी-वरीसाठी डोंगर भाजले गेले, की माती धरून ठेवायला काही उरत नाही. ती नदीबरोबर खाली येते. आणि नदीचा वेग कुठे मरतो? जिथे समोरून भरती येते तिथे. नदीनं आणलेली माती टाकण्याची जागा आणि गलबत लावण्याची जागा एकच निघाली. जागेचा फायदा आणि जागेचा धोका एकाच वाटेनं येतात, ते हे दुसऱ्यांदा.

गाळ उपसता आला असता. पण उपसावा असं कुणाला वाटावं, तर व्यापार हवा. तो दुसरीकडे वळला होता. अंबा घाट, फोंडा घाट इथे गाडीरस्ते झाले, अणुस्कुऱ्याची बैलांची वाट मागे पडली. १८९१ ला कोल्हापूर रेल्वेनं मिरजेला जोडलं गेलं, आणि घाटमाथ्यावरचा माल कोकणात न उतरता आगगाडीनं परस्पर मुंबईला जाऊ लागला. १९०१ च्या शिरगणतीत गावाची वस्ती पाच हजारांच्या आसपास होती. आज सव्वाशे वर्षांनी ती दहा हजारांच्या घरात आहे. या काळात मुंबई कुठल्या कुठे गेली, ते आपण जाणताच. बंदरातून माल जायचा थांबला आणि माणसं जायला लागली. घरटी एक माणूस मुंबईत, आणि महिन्याच्या महिन्याला येणारी मनीऑर्डर.

आमच्या लहानपणी आगबोटीचे शेवटचे दिवस होते. मुंबईला जायचं तर खाली जैतापूर-मुसाकाझीकडे जायचं, पडावात बसून बोटीपर्यंत पोचायचं, आणि बोट लागून सगळं पोट बाहेर काढत भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. पुढे एसटी सर्वदूर झाली, हमरस्त्याची रहदारी वाढली, बोटी बंद पडल्या, १९९८ ला कोकण रेल्वे सुरू झाली. हे सगळं लोकांच्या सोयीचं झालं. आम्ही जुन्याचे गोडवे गायला इथे आलो नाही. बोटीत ओकाऱ्या काढलेला माणूस एसटीला नावं ठेवणार नाही. पण त्यात एक गोष्ट घडली, ती कुणी ठरवून केली नाही. गावाचं तोंड फिरलं. जुन्या पेठेचं तोंड नदीकडे होतं. पाखाड्या धक्क्याकडे उतरत, माल नदीकडून दुकानात यायचा. आता माल रस्त्यानं येतो, माणसं रस्त्यानं येतात. नदी मागच्या दाराला गेली. आणि मागच्या दाराला आपण काय टाकतो ते सांगायला नको.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. गाव बुडतं का?

१९६० च्या दशकातली एक रात्र सांगतो. आषाढाचे दिवस, दोन दिवस पावसानं उघडीप दिलेली नाही. संध्याकाळी पाणी पेठेत शिरलं. आम्ही मुलं आणि दोन नोकर तांदळाची पोती माळ्यावर चढवत होतो. शेजारचे दुकानदार धावत आले, म्हणाले, "काका, अजून किती चढंल?" वडिलांनी पाऊस किती झाला हे विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "आज तिथी कोणती?" द्वादशी होती. बारा गुणिले पाऊण, नऊ. ते म्हणाले, "नऊला खाली भरती. तिचा फुगवटा इथं निघायला साडेदहा. तोवर चढणार. खालच्या दोन फळ्यांवर काही ठेवू नका." साडेदहाच्या पुढे पाणी थबकलं आणि पहाटे उतरलं. सकाळी त्यांनी दुकानाच्या खांबावर पटाशीनं रेघ मारली. त्या खांबावर अशा बऱ्याच रेघा होत्या. सगळ्यात खालची आजोबांनी मारलेली.

यात चमत्कार काही नाही. वरून नदीचा लोंढा येतो, खालून भरती येते. समोरासमोर आल्या की पाण्याला जायला वाट नसते, ते आडवं पसरतं. गाव नेमकं या दोघींच्या भेटीच्या जागी आहे. ज्या कारणानं ते वसलं त्याच कारणानं ते बुडतं. हे तिसऱ्यांदा. पूर्वी पात्र खोल होतं, त्यात बरंच पाणी मावायचं. धक्का मरायला जो गाळ कारण झाला, तोच आज पुराला कारण होतो.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडाले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. पाऊस प्रचंड होता, हे मुख्य कारण. पण पंचांग काढून बघा : त्या वर्षी गुरुपौर्णिमा २४ तारखेला होती. म्हणजे दिवस उधाणाच्या तोंडावरचे. पुढे धरणाचं पाणी, पात्रातली बांधकामं, गाळ या सगळ्यांवर खूप वाद झाले, ते व्हायलाच हवेत. पण तिथीचा उल्लेख आम्हाला फार थोड्या ठिकाणी आढळला. दोन पिढ्यांपूर्वी पेठेतल्या कुठल्याही दुकानदारानं तो आधी केला असता.

आज राजापुरात पाणी वाढलं की भोंगा वाजतो, दुकानदार माल हलवतात. अलीकडे पात्रातला गाळ यंत्रांनी काढण्याचं काम झालं, त्याचा उपयोगही दिसला. नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आल्या आहेत आणि त्यांवरून लोकांत अस्वस्थता आहे, कारण जुनी पेठ त्या रेषांच्या आत येते. आमचा पुतण्या आता ते दुकान चालवतो. गेल्या वर्षी त्यानं फोनवर विचारलं, "काका, पेठ सोडून वर हमरस्त्यावर गाळा घेऊ का? तुमचं काय मत?"

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला असं कुणी विचारत नाही, त्यामुळे आम्ही जरा गडबडलो. पहिल्यांदा वाटलं, नको म्हणावं. चार पिढ्यांची जागा आहे. मग लक्षात आलं की ही आपली हळहळ आहे, आणि तिचा खर्च तो करणार. ज्यांनी ही पेठ वसवली ते भावनेपोटी तिथे आले नव्हते. धंद्याला आणि जगण्याला सोयीची जागा पाहून आले होते. तीच बुद्धी वापरून त्यानं वर जावं, यात पूर्वजांचा अपमान नाही. तसं त्याला सांगितलं. फक्त दोन गोष्टी मागितल्या. एक म्हणजे तो खांब काढायचा झाला तर फेकू नकोस, रेघांची उंची मोजून नगरपरिषदेकडे दे. पूररेषा आखणाऱ्यांना असा पुरावा हवाच असतो, आणि गावात असे खांब आणखी असतील. दुसरी म्हणजे गावातल्या फोनवरच्या गटांत जिथे पावसाचे आकडे फिरतात, तिथे रोज भरतीची वेळही लिहीत जा. पाऊणपटीचा हिशेब त्याला येत नव्हता. फोनवरच शिकवला. तीन मिनिटं लागली.

एवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढायचा नाही. एवढंच म्हणायचं आहे की खाडीकाठी राहणं म्हणजे दोन पाण्यांचा हिशेब एकाच वेळी ठेवणं. आपण त्यातला एक ठेवतो आणि दुसरा विसरलो. गाव जागेवरून हलेल किंवा हलणार नाही, ते तिथल्या माणसांनी ठरवावं. ठरवताना जागेची पूर्ण ओळख असावी, आणि ती ओळख गावातच, खांबांवर आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी, अजून थोडी शिल्लक आहे.

ऐकणाऱ्यांत कुणी महाडचे, चिपळूणचे, संगमेश्वर-खारेपाटणचे असाल, तर आपल्या घरच्या खांबांवर काही रेघा आहेत का ते जरूर पाहा. वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ.